अल्ट्रासॉनिक लहरींनी पोलादाची स्थितिस्थापकता मोजता येते का?

प्रश्न : लोकलच्या रुळांतील तडे शोधण्यासाठी कर्मचारी अल्ट्रासॉनिक यंत्राची ट्रॉली ढकलत नेताना मी पाहिले आहे. तुकडा न ओढता, न तोडता, त्याच लहरींनी पोलादाची स्थितिस्थापकता मोजता येईल का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : येईल, मात्र हिशेब उलटा मांडावा लागतो. रूळ तपासताना पोलादातील ध्वनीचा वेग ठाऊक आहे असे धरून, प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून तडा किती खोल आहे ते काढतात. येथे तुकड्याची जाडी आधी मायक्रोमीटरने मोजून घेतात आणि वेळेवरून वेग काढतात. 10 मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यातून अनुतरंग (ज्यात कण लहरीच्याच दिशेने पुढे-मागे कंप पावतात) जाऊन परत येण्यास जेमतेम 3.4 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे 5,900 मीटर भरतो.

एवढ्याने भागत नाही. यंग गुणांकासाठी, म्हणजे ताणाला पदार्थ किती विरोध करतो हे सांगणाऱ्या स्थितिस्थापकतेच्या मापासाठी, अवतरंगाचा (ज्यात कण लहरीच्या दिशेला आडवे कंप पावतात) वेगही हवा, आणि खरी कसोटी तिथेच लागते. प्रोब (लहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) आणि धातू यांच्यामध्ये हवेची फट राहू नये म्हणून रुळावर पाणी सोडतात. पण कणांचे आडवे कंपन पाण्यातून पुढे जातच नाही, त्यामुळे पृष्ठभागावर सरळ टेकवलेल्या अवतरंगाच्या प्रोबखाली अतिशय दाट, चिकट द्रव लावावा लागतो. यासाठी चक्क मधसुद्धा चालतो, आणि तो उत्तम काम देतो.

पोलादात हा दुसरा वेग सेकंदाला सुमारे 3,230 मीटर येतो. त्याच्या वर्गाला घनतेने, म्हणजे घनमीटरला 7,850 किलोग्रॅमने, गुणले की दृढता गुणांक (आकार तिरका होण्यास होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे 82 गिगापास्कल मिळतो; दोन्ही वेग सूत्रात घातले की यंग गुणांक 210 गिगापास्कलच्या आसपास येतो. सूत्रात वेगाचा वर्ग असल्यामुळे जाडीतील एक टक्का चूक गुणांकात दोन टक्के होऊन उतरते, म्हणून तुकड्याच्या दोन्ही बाजू समांतर घासून घेण्याचा कंटाळा मुळीच करू नये.

हे सूत्र सर्व दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या धातूसाठीच आहे. तांब्याच्या एकाच स्फटिकात दिशेनुसार यंग गुणांक सुमारे 67 पासून 190 गिगापास्कलपर्यंत बदलतो. लाटलेल्या पत्र्यातील स्फटिकही ठरावीक दिशांना वळलेले असू शकतात, त्यामुळे त्याचे मापन वेगवेगळ्या दिशांनी करून पाहणे बरे.

पोलाद किती मजबूत आहे, हे मात्र या गुणांकावरून कळत नाही. साधे पोलाद आणि पाणी देऊन कडक केलेले पोलाद यांचे गुणांक जवळजवळ सारखेच येतात. किती ताणाला तुकडा कायमचा वाकेल हे जाणून घ्यायचे असेल, तर तो ओढूनच पाहावा लागतो.