सोफ्याखाली घुसतो अन् पिसं उपटतो

प्रश्न: आमचा सन कोन्यूर जातीचा पोपट 3 वर्षांचा आहे, महिनाभरापासून सोफ्याखाली घुसून बसतो, हात घातला की चावतो अन् छातीची पिसं उपटून पार टक्कल केलंय. – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: अहो, हे विणीच्या हार्मोनचं काम दिसतंय, सोफ्याखालचा अंधार त्याला घरटं वाटतोय, ती जागा बंद करा, अन् पाठीवरून, पंखांखाली कुरवाळणं सोडा, फक्त डोकं खाजवा, कारण पाठ चोळली की त्याला तुम्ही जोडीदार वाटता. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालतो ना? त्याला 10-12 तास शांत अंधार पाहिजे. गरम मऊ भातही बंद, त्यानंही हार्मोन चढतात. पण पिसं नुसती हार्मोनमुळेच उपटतो असं नाही, त्वचेचा, लिव्हरचा त्रासही असू शकतो, म्हणून आधी नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवून या.