याक-५२ घेण्याआधी

भाचीबाई,

आशीर्वाद. तू घ्यायला निघालेल्या याक-५२ या दोन सीटच्या कसरतींच्या विमानाचे फोटो पाहिले. रंग झकास आहे, पण रंगावर भाळून विसार देऊ नकोस. लूप, रोल या हवेतल्या कसरती तुला एखादा चांगला इन्स्ट्रक्टर शिकवेल, त्याची मला काळजी नाही. हे विमान पाळायचं म्हणजे त्याची हवा आणि त्याचं तेल सांभाळायचं, आणि ते काम सगळं जमिनीवरचं.

याकोव्हलेव्ह या सोव्हिएत विमानसंस्थेचं हे डिझाइन १९७६ साली पहिल्यांदा उडालं, पण विमानं बनली रुमानियात, बकाऊच्या कारखान्यात. गेली बहुतेक सोव्हिएत फ्लाइंग क्लबांत. तिथे शिकाऊ पायलट उतरला की मेकॅनिक विमान ताब्यात घ्यायचा. तुझ्याकडे अमेरिकेत वर्षाची तपासणी परवानाधारक मेकॅनिक करेल, रोजचा मेकॅनिक मात्र तूच.

आधी हवा. इंजिन फिरवायला, चाकं, फ्लॅप आणि ब्रेक चालवायला, सगळीकडे दाबाखालची हवा लागते. मुख्य बाटलीत दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोचा दाब असतो, आणि इंजिनवरचा कॉम्प्रेसर ती भरत राहतो. दोन-चारदा इंजिनने दाद दिली नाही की बाटली रिकामी. मग आडबाजूच्या धावपट्टीवर स्कूबा डायव्हिंगचा सिलिंडर शोधत फिर! काही मालक त्यासाठी जोडणी सोबतच ठेवतात. हवेतलं पाणी नियमित काढत जा, थंडीत ते नळीत गोठतं.

आता तेल. एम-१४पी हे ३६० अश्वशक्तीचं, नऊ सिलिंडर गोलाकार बसवलेलं इंजिन. विमान उभं असताना तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे तसंच सुरू केलंस तर पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गंमत म्हणजे तो लगेच तुटेलच असं नाही, पुढच्या एखाद्या उड्डाणात तुटेल. म्हणून मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगना वीज देणारी यंत्रं, बंद आहेत ना हे पाहून, तरीही ती चालू आहेत असं धरूनच, पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरव. प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला लागतो आणि सुटतो. एखाद्या जागी पंखा भिंतीला टेकल्यासारखा अडला तर जोर लावू नकोस. उलटाही फिरवू नकोस, तेल इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत जातं आणि सुरू करताना परत येतं. खालचे स्पार्क प्लग काढ, तेल गळू दे, हात काळे होऊ देत. पंधरा मिनिटं वाचवायला हे टाळणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत.

पंखा सेस्नासारख्या अमेरिकन विमानाच्या उलट दिशेने फिरतो, तेव्हा टेकऑफला उजव्या पायाची सवय सोड, इथे डावा रडर (शेपटीचं सुकाणू वळवणारं पायडल) लागतो. वेग किलोमीटरमध्ये, इंजिनचे फेरे टक्क्यांत. याचा सराव बंद इंजिनात, नुसतं बसून कर. चाकं आत घेतली तरी अर्धी बाहेरच राहतात. ती विसरून उतरलं तर पोट वाचतं, पंखा आणि इंजिन नाही वाचत.

स्पिन, म्हणजे गिरक्या घेत खाली येणं, मात्र एकटी शिकू नकोस. कसरतीत विमानावर येणाऱ्या भाराची मर्यादा +७ आणि −५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) आहे, पण ती निरोगी विमानाची. विमानाचं वय पाहता स्पारची, म्हणजे विंगमधल्या मुख्य दांड्याची, कागदपत्रं मागच. आणि सीटचा खोलगटपणा पॅराशूटवर बसण्यासाठी आहे, उशी ठेवण्यासाठी नाही. मैत्रिणीला मागे बसवून कसरती करशील तेव्हा पॅराशूट दोघींनाही लागेल.

आणखी एक. अमेरिकेत एक्झिबिशन (प्रदर्शनाच्या) गटात नोंदलेलं हे विमान भाड्याने देता येत नाही, म्हणजे ते आपला खर्च कमावणार नाही. एकटीने घेण्यापेक्षा दोन-तीन जणांत घे. एक जण तरी हात काळे करणारा हवा.

इंजिनच्या लॉगबुकाचे आणि स्पारच्या कागदांचे फोटो पाठव. ते पाहीपर्यंत मालकाला थांबायला सांग.

तुझा,
मामा