उभ्या गाडीचे किलोमीटर

प्रश्न : आमच्या रेडी-मिक्स काँक्रीट प्लांटवर १२ ट्रान्झिट मिक्सर (फिरत्या ड्रममधून काँक्रीट नेणाऱ्या गाड्या) आहेत. फेऱ्या जवळच्याच असतात, पण प्लांटवरील रांगेत आणि साइटवर पंपाशी नंबर लागेपर्यंत गाड्या इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या राहतात. सर्व्हिसिंग किलोमीटरनुसार वेळेवर होते. तरीही दोन गाड्यांचे डीपीएफ (धुरातील काजळी अडवणारे फिल्टर) वारंवार चोक होतात आणि एकीचे इंजिन नुकतेच उघडावे लागले. वेळापत्रकात काय चुकते आहे?
– एक वाचक, चाकण

उत्तर : आपले वेळापत्रक चाकांचे आहे, इंजिनाचे नाही. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचा, एक तास म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने साधारण ४० ते ५० किलोमीटरची धाव, असा ढोबळ हिशेब फ्लीट सांभाळणारे धरतात. समजा, एक मिक्सर महिन्याला २,००० किलोमीटर चालतो आणि त्याशिवाय १७० तास इंजिन चालू ठेवून उभा राहतो. तासाला ४० किलोमीटर धरले तरी उभ्याउभ्या ६,८०० किलोमीटर झाले, म्हणजे एकूण ८,८००. ऑइल २०,००० किलोमीटरला बदलायचे असेल, तर ओडोमीटर दहा महिने थांबायला सांगतो. इंजिनाला मात्र ते सव्वादोन महिन्यांतच हवे असते.

आयडलिंगमध्ये डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे अर्धवट जळालेले डिझेल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते आणि ऑइल पातळ करते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी न होता वाढू लागली आणि त्याला डिझेलचा वास येऊ लागला, तर ते ऑइल तारखेची वाट न पाहता बदलावे. (‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून चालक खूश असतो, ती गाडी आधी तपासावी.) बीएस-६ गाड्यांत याच्या जोडीला डीपीएफचे दुखणे येते. त्यात साचलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि आयडलिंगमधील धूर त्याच्या जवळपासही जात नाही. थंड धुरात, तो स्वच्छ करण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या युरियाचे पांढरे थरही एक्झॉस्टमध्ये जमतात.

तेव्हा ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर यांसाठी तास व किलोमीटर अशा दोन्ही मर्यादा ठरवाव्यात आणि जी आधी भरेल ती पाळावी. तासांची मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील कठीण वापराच्या तक्त्यातून घ्यावी. माझा वरचा हिशेब त्याला पर्याय नाही. टायर आणि ब्रेक लायनर यांना किलोमीटरचाच हिशेब ठीक आहे. इंजिनाचे तास बहुतेक नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर किंवा टेलिमॅटिक्समध्ये (गाडीची माहिती दुरून दाखवणाऱ्या यंत्रणेत) मिळतात. जुन्या गाडीला साधे अवर मीटर बसवून घ्यावे.

ड्रमसाठी वेगळे इंजिन असलेल्या मिक्सरांचा हिशेब वेगळा आहे. त्या इंजिनाविषयी ओडोमीटर काहीच सांगत नाही, म्हणून त्याची नोंद त्याच्या स्वतःच्या अवर मीटरवरूनच व्हायला हवी. शिवाय साइटवर ड्रम त्याच्यावर फिरत असताना गाडीचे मुख्य इंजिन बंद ठेवता येते. आपल्या १२ पैकी अशा गाड्या असतील, तर बचतीची सुरुवात तिथूनच करावी.

राहिला डीपीएफ. रीजनरेशनचा, म्हणजे फिल्टरमधील काजळी जाळण्याच्या प्रक्रियेचा, दिवा लागला की पुढच्या फेरीच्या घाईत चालक ते अर्ध्यावर तोडतात आणि फिल्टर चोक होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दिवा लागलेल्या गाडीला पुढचा माल भरू नये. प्लांटच्या आवारात, सुक्या गवतापासून आणि डिझेलच्या टाकीपासून दूर उभी करून तिचे रीजनरेशन पूर्ण होऊ द्यावे आणि त्याची वेळ लॉगबुकात लिहावी. एकाच गाडीच्या नोंदी दाट होऊ लागल्या, तर तिचे इंजेक्टर आणि टर्बो तपासून घ्यावेत.