मुलं दत्तक घेण्याआधी जूनच्या पावसात एकदा वाडीत जाऊन या

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या मंडळाने गावच्या शाळेतल्या १२ मुलांचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचं ठरवलंय, प्रत्येकी वर्षाला ६ हजार, एका दात्याला एक मूल, दात्याला मुलाचा फोटो आणि घरची माहिती, वर्षातून दोन पत्रं आणि गणपतीत सगळे गावी आले की कार्यक्रमात वाटप, तर यात काय सुधारता येईल. मी दापोली तालुक्यात हेच काम १४ वर्षं करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. करा, नक्की करा, पण ‘एक दाता एक मूल’ ही जोडी फोडा. पैसे एकत्र करा आणि वाडीतल्या मुलांची शाळा नेमकी कशामुळे सुटते ते बघून त्यावर खर्च करा.

आमचं पण अगदी तुमच्यासारखंच सुरू झालं होतं. पहिल्या वर्षी ९ मुलं निवडली. आता वाडीत घरं कशी असतात तुम्हाला माहितीये, चुलत बहिणी एकाच पडवीत अभ्यासाला बसतात, त्यातल्या एकीला नवं दप्तर, छत्री, बूट आणि दुसरीला काहीच नाही, कारण तिचा बाप बोटीवर खलाशी म्हणजे आमच्या यादीत ‘कमावता’. राहिलेली मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. तिच्या आईने मला पाणवठ्यावर गाठून विचारलं, बाय, आमच्या पोरीचं काय चुकलं ते तरी सांग. मला आजही त्याचं उत्तर देता येत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. दात्यांना पाठवायला आम्ही प्रत्येक मुलाचा एक कागद केला होता, फोटो, इयत्ता, आणि खाली ‘वडील दारू पितात, आई मोलमजुरी करते’ असं सगळं. असा एका मुलीचा कागद मंडळाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर गेला, तिथून गावच्या ग्रुपवर, आणि आठवीतल्या त्या मुलीला तो शाळेत दुसऱ्या पोरांनी मोबाईलवर दाखवला. त्या दिवसापासून आम्ही एकाही मुलाचा कागद बाहेर जाऊ दिलेला नाही. दात्याला वाडीची माहिती मिळते, वर्षाचा हिशोब मिळतो, आणि सगळ्या वर्गाने मिळून केलेलं हस्तलिखित मिळतं. एकेका मुलाकडून पत्र लिहून घेऊ नका, ती पत्रं गुरुजी फळ्यावर लिहून देतात आणि मुलं उतरवतात, त्यातून आभार मानायची सवय तेवढी लागते.

आता वेळेचं. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. म्हणजे कोळीवाड्यात घरात पैसा नसतो नेमक्या त्याच दिवसांत वह्या, गणवेश, छत्री, रेनकोट सगळं एकदम लागतं. आंब्याच्या बागेत कामाला जाणाऱ्यांचा हंगामही तोवर संपलेला असतो. आणि आपण वाटप करतो गणपतीत, का तर चाकरमानी तेव्हा येतात. तोपर्यंत त्या आईने कुणाकडून तरी उसने घेऊन किंवा बांगडी गहाण ठेवून सगळं घेतलेलं असतं. मे महिन्यात पण तुमची मंडळी गावी येतातच की, तेव्हा करा.

या योजनांचा उपयोग होतच नाही असं मी म्हणत नाही. ही कल्पना जुनी आहे, १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी ‘प्लॅन’ ही संस्था सुरू झाली, १९७२ मध्ये ‘अॅक्शनएड’ ही संस्था ८८ मुलांपासून सुरू झाली आणि त्यात भारतातली मुलं होती. ब्रूस विडिक या अर्थतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांत १० हजारांवर लोकांची माहिती गोळा केली, ते २०१३ मध्ये छापून आलं, त्यात लहानपणी प्रायोजक मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं दिसलं. पुढे त्यांनी इंडोनेशियातल्या मुलांनी काढलेली चित्रं तपासली, तर अशा मुलांच्या चित्रांत आनंद आणि आशा जास्त होती. म्हणजे नुसत्या दप्तराचा हा परिणाम नाही, आपल्याकडे कुणीतरी लक्ष देऊन बघतंय आणि आपण शिकू शकतो हे मुलाला वाटणं, त्याला खूप किंमत आहे. पण ते लक्ष द्यायला ठाण्यातला दाता कशाला, वाडीतली बारावी झालेली एखादी ताई रोज संध्याकाळी मुलांना घेऊन बसली तर ते जास्त चांगलं होतं, तिला मानधन द्या. आणि मोठ्या संस्थांपैकी बऱ्याच आता पैसे एकत्रच करून वस्तीवर खर्च करतात, फक्त दात्याला वाटत राहतं की माझा पैसा ‘माझ्या’ मुलाला जातोय. तुम्ही पहिल्या दिवशीच दात्याला खरं सांगा, चार जण कमी झाले तरी चालतील.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचे डोळे उघडले. नारळी पोफळी आडव्या, पत्रे उडालेले, आणि आमच्याकडे फंड होता तो ‘फक्त शिक्षणासाठी’. एका दात्याने विचारलं, माझ्या मुलाच्या घराला ताडपत्री देऊ का, आणि शेजारच्या घराला कोण देणार ते त्याला सुचलंच नाही. त्यात लॉकडाऊनमुळे निम्म्या दात्यांचे पगार अडकलेले, मुलांची मदत मध्येच तुटली. तेव्हापासून नियम केला की बँकेत पुढच्या पूर्ण वर्षाची रक्कम असल्याशिवाय नवीन मूल घ्यायचं नाही, आणि घेतलं की बारावी किंवा आयटीआय होईपर्यंत सोडायचं नाही.

सगळ्यांना पहिली-दुसरीतलं गोड मूल हवं असतं, पंधरा वर्षांचा मिशी फुटलेला मुलगा कुणी दत्तक घेत नाही. पण शाळा सुटते ती आठवीनंतर आणि दहावीनंतर. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे, पण गाडी येते डांबरी रस्त्यावर आणि वाडी तिथून चार किलोमीटर आत, मध्ये साकव (ओढ्यावरचा लहान पूल), पावसात संध्याकाळी काळोख. आमच्याकडच्या सहा मुली फक्त एवढ्यासाठी घरी बसणार होत्या. आम्ही वडापवाल्याशी (खासगी जीपवाल्याशी) महिन्याचं ठरवलं, वाडीतल्या सगळ्याच मुलांसाठी, आणि त्या सहाही बारावी झाल्या. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त समाधान मला त्या गाडीने दिलंय.

आणि हे नीट वाचा, कारण याकडे कुणी बघत नाही. वडील वारलेत किंवा एकच पालक आहे अशा मुलांना सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० म्हणजे वर्षाला २७ हजार. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे महिन्याला ४ हजार आहेत, त्याला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार. तुमचे ६ हजार कुठे आणि हे कुठे! पण उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक खातं, बाल कल्याण समितीपुढे जाणं, यासाठी त्या बाईची किती दिवसांची मजुरी बुडते, म्हणून ती जातच नाही. तिच्यासोबत कुणीतरी जा, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी मंडळाने द्या. आम्ही अशी ११ मुलं या योजनांना लावून दिली.

कातकरवाडी असेल तर वेगळाच विचार करा. दिवाळीनंतर घरंच्या घरं कोळसा पाडायला नाहीतर वीटभट्टीवर जातात, मुलं सोबत, येतात ती पावसाच्या तोंडावर. दप्तर देऊन काय करणार. आजी किंवा मावशी मागे राहायला तयार असेल तर तिला तेवढ्या महिन्यांचं तांदूळ-डाळ-तेल द्या, मूल गावात राहतं. सगळी राहतील असं नाही, आमच्याकडे पाचातली तीन राहिली.

तुमचे एकूण ७२ हजार होतात. माझ्या हातात असते तर ३५ हजार गाडीला (साडेतीन हजार महिना, दहा महिने), १२ हजार आठवी ते बारावीच्या पुस्तकांना आणि फॉर्म फीला, १० हजार दाखल्यांच्या धावपळीला आणि १५ हजार शिल्लक. ताईच्या मानधनासाठी गावातल्या बागायतदारांना विचारा, ते देतात. पण हे मी माझ्या वाडीचं सांगितलं, तुमची अडचण वेगळी असू शकते, म्हणून जूनच्या पावसात सकाळी मुलांसोबत शाळेपर्यंत चालून बघा आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना विचारा, गुरुजी आणि सरपंचांच्या आधी.

एक पक्कं लक्षात ठेवा, कुणी कितीही मोठा दाता असो, मुलाला एकट्याने भेटणं नाही, मुलाचा किंवा घरचा नंबर देणं नाही, परस्पर भेटवस्तू नाहीत. वाईट वाटलं तर वाटू दे. आणि आखातातले नातेवाईक पैसे देणार असतील तर त्यांचा पासपोर्ट भारतीय आहे ना ते बघा, परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) परवानगी असल्याशिवाय घेता येत नाहीत.

गणपतीतला कार्यक्रम ठेवायचाच असेल तर ठेवा, पण मुलांना स्टेजवर ओळीने उभं करू नका. मंडळाच्या खजिनदाराला उभं करा आणि वर्षाचा हिशोब वाडीतल्या बायकांसमोर वाचायला लावा, त्या प्रश्न विचारतील, आमच्याकडे पहिल्याच वर्षी गाडीभाड्यावरून तासभर विचारत होत्या.