करविषयक प्रश्नोत्तरे : नव्या यंत्राचा घसारा आणि मार्चमधला आगाऊ कर

प्रश्न : माझ्या एकट्याच्या मालकीचा छपाईचा व्यवसाय आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये उलाढाल १ कोटी ६० लाख रुपये झाली. त्यापैकी २० लाख रोखीने आणि उरलेले बँकेमार्फत आले. गेली दोन वर्षे मी कलम ४४ एडीखाली, म्हणजे छोट्या व्यवसायांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी अंदाजे नफा दाखवू देणाऱ्या योजनेत, विवरणपत्र भरतो. यंदा कर्ज काढून यंत्र घेतले, त्यामुळे प्रत्यक्ष नफा घटला आहे. घसारा (यंत्राच्या झिजेपोटी मिळणारी वजावट) आणि व्याज वजा करून कमी नफा दाखवता येईल का? शिवाय गेल्या वर्षी जुलैमध्ये विवरणपत्राआधी सगळा कर भरूनही व्याज का लागले?

उत्तर : दाखवता येईल, पण ४४ एडीमध्ये राहून नव्हे. या कलमाखाली बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोख रकमेवर किमान ८ टक्के नफा धरावा लागतो. तुमच्या बाबतीत हे अनुक्रमे ८ लाख ४० हजार आणि १ लाख ६० हजार, म्हणजे एकूण १० लाख रुपये होतात. (प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो जास्तीचा आकडाच दाखवायचा असतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते.) या रकमेत व्याज, पगार, भाडे, घसारा असे सगळे खर्च वजा झालेच आहेत असे कायदा मानतो. घसारा वेगळा मागता येत नाही. उलट तो मिळाला असे धरून यंत्राची करहिशेबातील किंमत दरवर्षी खाली येत राहते, आणि पुढे यंत्र विकताना हीच घटलेली किंमत हिशेबात येते.

कमी नफा दाखवायचा तर, एकूण उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या (८७ एची सवलत न धरता) वर असल्यास, रीतसर हिशेबवह्या आणि त्यांचे ऑडिट आवश्यक ठरते. शिवाय योजनेत येऊन पाच वर्षे पुरी होण्याआधी बाहेर पडल्यामुळे पुढची पाच वर्षे तुम्हाला तिच्यात परतता येणार नाही. एवढे करून वाचणार किती, हे आधी पाहा. व्यवसायाखेरीज दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी कलम ८७ एच्या सवलतीमुळे कर शून्य येतो, म्हणजे वाचवायला काही उरतच नाही. भाडे किंवा ठेवींचे व्याज धरून उत्पन्न १२ लाखांपुढे जात असेल, तरच सीएकडून दोन्ही हिशेब मांडून घ्यावेत. केवळ एका वर्षाच्या घसाऱ्यासाठी योजना सोडणे मला परवडणारे वाटत नाही.

व्याजाचे कारण १५ मार्च ही तारीख आहे. ४४ एडीच्या करदात्याला चार हप्ते नसतात, पण टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक कर निघत असेल तर तो सगळा त्या दिवसापर्यंत आगाऊ भरावा लागतो. तो न भरल्यास कलम २३४ सीखाली एक टक्का, आणि ३१ मार्चपर्यंत ९० टक्केही भरला नसेल तर कलम २३४ बीखाली एप्रिलपासून दरमहा एक टक्का व्याज लागते. जुलैमध्ये भरलात, म्हणून एप्रिल ते जुलै हे चार महिने धरले गेले.

प्रश्न : वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली. दोन्हीकडे टीडीएस कापला, तरी कर कमी का पडतो?

उत्तर : नव्या मालकाला आधीचा पगार कळवला नसेल, तर दोन्ही मालक नव्या करप्रणालीतली ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट स्वतंत्रपणे देतात आणि करमुक्त टप्पाही दोनदा मोजला जातो. दोन्ही फॉर्म १६ (मालकाने दिलेले पगार आणि टीडीएसचे प्रमाणपत्र) एकत्र करून उरलेला कर विवरणपत्राआधी भरा. पुढे नोकरी बदलल्यास आधीच्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील ठरलेल्या फॉर्ममध्ये नव्या मालकाकडे रुजू होतानाच द्या.