घरच्या शेडमध्ये पाइप बेंडर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मी सोलापुरात साखर पेठेत राहतो. घरच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल आहे. गेट आणि झोपाळ्यासाठी पाऊण इंची पाइपाला काटकोनात बेंड मारायचे आहेत. भंगारातून आणलेल्या व्ही-बेल्टच्या पुलीभोवती पाइप वाकवला, तर तो पिचकला. दहा टनी बॉटल जॅक आणून यंत्र बनवू का?

उत्तर : जॅक तूर्त राहू द्या. तुमचा पाइप जोर कमी पडल्यामुळे बिघडलेला नाही. वाकताना त्याला दोन्ही कुशींनी धरून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून तो पसरला. पाइप वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणून पातळ होते, आतली दबून तिला सुरकुत्या पडू लागतात, आणि मधलं अंग चपटं व्हायला बघतं. चपटं होताना ते आडवं फुगतं. ते फुगणं अडवलं की चपटं होणंही थांबतं. व्ही-बेल्टच्या पुलीची खाच तळाशी निमुळती असते. गोल पाइप तिच्यात दोनच रेघांवर टेकतो आणि नेमका तिथेच दबतो. आपल्याला हवी अर्धगोल खाच, पाइपाच्या अंगावर बेतलेली. यंत्राचा जीव त्या खाचेत आहे. बाकी सगळा सांगाडा आहे.

आधी माप. पाऊण इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला) किंवा काळा पाइप नावाला पाऊण इंची असला तरी बाहेरून साधारण २७ मिमी भरतो. अर्धा इंची २१.३ आणि एक इंची ३३.७ मिमी. फर्निचरची ट्यूब मात्र बाहेरच्या मापाने विकतात, त्यामुळे एक इंची ट्यूब २५.४ मिमीचीच असते. ती पाऊण इंची पाइपाच्या डायमध्ये, म्हणजे खाचेच्या चकतीत, खुळखुळते आणि हमखास चपटी होते. बाजारातल्या तयार हायड्रॉलिक बेंडरच्या डायही बहुधा पाण्याच्या पाइपाच्या मापाच्या असतात. ‘यंत्र बोगस निघालं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांची गोम इथेच असते. म्हणून लेथवाल्याकडे जाताना तोंडी माप सांगू नका. जो पाइप वाकवायचा त्याचाच वीतभर तुकडा सोबत न्या आणि खाच त्यावर बसवून बघा. पाइप हाताने दाबला की आत बसावा, पण बसल्यावर हलू नये.

मॅन्ड्रेल, म्हणजे पाइपाला आतून आधार देणारा दांडा, न घालता वाकवायचं तर बेंडची त्रिज्या पाइपाच्या मध्यरेषेवर बाहेरच्या व्यासाच्या चौपट धरा. २७ चोक १०८ मिमी. म्हणजे डायच्या चकतीचा बाहेरचा व्यास २१६ मिमी, खाचेच्या तळाशी १८९ मिमी आणि जाडी ४० मिमी. एवढी भरीव चकती साडेअकरा किलोंच्या आसपास भरते. काटकोनासाठी पाव चकतीपेक्षा थोडीच जास्त लागते. तेव्हा पूर्ण चकती टर्न करून घ्या आणि मधोमध कापून अर्धी शेजारच्या फॅब्रिकेटरला द्या. खर्च निम्म्यावर येतो. जाड कडेची बिडाची जुनी पुली मिळाली तर तिच्यातही खाच काढता येते, पण बीड ठिसूळ असतं. त्यावर घण घालू नका, आणि वेल्डिंगने पकडण्यापेक्षा बोल्टने आवळा. दहा-बारा बेंडच मारायचे असतील आणि ट्यूब पातळ असेल, तर वाळलेल्या बाभळीच्या लाकडाची डायसुद्धा निभावते.

आता सांगाडा. खाली १२ मिमीची प्लेट, तिच्यावर डाय पक्की. डायच्या केंद्रात २५ मिमीची पिन. तुमच्याच शेडमध्ये मोडीत काढलेल्या मागाचा शाफ्ट पडलेला असेल, तर त्याचा तुकडा या पिनेला उत्तम. त्या पिनेवर फिरणारा हात ५० बाय १० च्या दोन पट्ट्यांचा, एक डायच्या वर आणि एक खाली. दोन पट्ट्यांच्या मध्ये खाचेचा रोलर. रोलरच्या खाचेची तळाशी त्रिज्या २५ मिमी धरली, तर डायचे ९४.५, पाइपाचे २७ आणि रोलरचे २५ मिळून १४६.५ होतात. दोन पिनांची केंद्रं १४७ मिमीवर घ्या. हा अर्धा मिमी जपा. तिथे दोन-तीन मिमीची सैल जागा राहिली, की पाइपाच्या आतल्या अंगाला सुरकुत्या आल्याच म्हणून समजा. भोक पाडायच्या आधी पट्टीवर पंच मारून पुन्हा मोजा. पाइपाचं मागचं टोक डायला धरून ठेवायला यू आकाराची भक्कम अडकण लागते. ती खिळखिळी असेल तर पाइप सरकतो आणि बेंड भलत्याच ठिकाणी पडतो.

जोर किती लागेल? मध्यम जाडीच्या, म्हणजे २.६ मिमीच्या पाऊण इंची पाइपाला, फिरणाऱ्या हाताला जोडलेल्या पाच फुटांच्या दांड्यावर तीसएक किलोंची ओढ लागते. घर्षण धरून थोडी जास्त. एक माणूस अंग टाकून सहज ओढू शकतो, म्हणून म्हटलं की जॅक नको. मात्र तेवढीच ओढ टेबलालाही बसते. लाकडी टेबलावर यंत्र ठेवलंत तर टेबलच फिरेल. प्लेट काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्टने धरा, किंवा शेडच्या लोखंडी खांबाला जोडा. दांडा हातातून निसटला तर उलट येतो. त्याच्या वाटेत कोणाला, विशेषतः लहान मुलांना, उभं राहू देऊ नका.

पाइप लावताना त्याची वेल्डिंगची शिवण शोधा आणि ती कुशीला, म्हणजे वर किंवा खाली येईल अशी ठेवा. बाहेरच्या अंगाला ठेवली तर ताण थेट शिवणीवर येतो. काटकोनाच्या बेंडमध्ये १७० मिमी पाइप खर्च होतो. कोपऱ्यापासून ५०० मिमीची बाजू हवी असेल तर १०८ वजा करून ३९२ वर बेंडची सुरुवात खुणवा. दांडा सोडल्यावर पाइप थोडा परत येतो, म्हणून ९३ ते ९५ अंशांपर्यंत ओढा आणि गुण्या लावून बघा. नेमका काटकोन मिळाला की यंत्राच्या हाताच्या त्या जागेवर प्लेटला ठोकळा वेल्ड करा. पुढचे सगळे बेंड एकसारखे येतील.

झोपाळ्याचा पाइप हलका घेऊ नका. पाइपावरचा पिवळा पट्टा हलक्याचा, निळा मध्यम आणि लाल जड पाइपाचा. झोपाळ्यावर माणसं बसणार आहेत, तिथे निळ्याच्या खाली उतरू नका.

प्रश्न : सर, मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला आहे. आमच्या गल्लीतले एक काका पाइपात वाळू भरून, गॅसवर लाल करून वाकवतात. डाय लागतच नाही म्हणतात. हे शिकू का?

उत्तर : जरूर शीक. जुनी आणि खरी कला आहे. वाळू पाइपाला आतून धरते, डाय बाहेरून धरते, हेतू एकच. पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेव, कारण इथे चूक जिवावर बेतते.

पहिली म्हणजे वाळू कोरडी हवी. ‘दिसायला कोरडी’ चालत नाही. चाळून घे, कढईत भाज, मगच भर. उन्हाळ्यात सोलापूरच्या पत्र्यावर दुपारभर पसरलेली वाळू हाताला चटका देते, तरी भाजून घेच. ओल राहिली आणि दोन्ही तोंडं गच्च बंद असली, की लाल पाइपात वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं उडतं. भरताना लाकडी हातोडीने पाइपावर टकटक करत राहा. वाळू खाली बसते, पुन्हा भर, बसायची थांबेपर्यंत. लाकडी बुचाला बारीक भोक ठेव आणि त्याच्या समोर उभा राहू नकोस.

दुसरी म्हणजे जीआय पाइप तापवायचा नाही. त्यावरचं जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ९०७ ला उकळतं. लाल होईपर्यंत तापवताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला, की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. शिवाय गंज रोखणारा थरही जातो. तापवायचं असेल तर काळा पाइप घे आणि नंतर रेड ऑक्साइड मार. काकांनाही हे सांग. वयाने मोठे असले तरी फुप्फुसं त्यांचीही तीच आहेत.

प्रश्न : भाऊ, मोहोळजवळ माझी छोटी रोपवाटिका आहे. शेडनेटच्या बोगद्यासाठी दहा फूट रुंदीच्या कमानी हव्यात. साखर पेठेतल्या वाचकांसारखी डाय करून घेऊ का?

उत्तर : नको ताई, एवढ्या मोठ्या कमानीला डाय परवडणार नाही. तुम्हाला तीन रोलरचं यंत्र हवं. दोन रोलर जागेवर पक्के आणि मधला स्क्रूने दाबता येणारा. पाइप पुढे-मागे फिरवत मधला रोलर दर फेरीला थोडा थोडा दाबत जायचं. एकदम दाबला तर पाइपाला गोलाईऐवजी घडी पडते. कडेच्या रोलरमध्ये ४०० मिमी अंतर असेल आणि मधला सरळ रेषेपासून २० मिमी दबला, तर त्रिज्या एक मीटरच्या आसपास येते. सोडल्यावर पाइप उघडतो, म्हणून तुमच्या कमानीची १.५२ मीटर त्रिज्या साधारण याच्या अलीकडे कुठेतरी मिळेल. जमिनीवर दोरी-खुंटीने कमान आखा आणि प्रत्येक पाइप तिच्यावर ठेवून जुळवा.

पाइपाची लांबी तुमच्या कामाला नेमकी बसते. दहा फुटी अर्धगोलाला ४.७८ मीटर लागतात, पाइप सहा मीटरचा येतो. उरलेल्यात दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटिमीटरचे सरळ पाय मिळतात. तीन रोलरच्या यंत्रात टोकं नाहीतरी सरळच राहतात. इतरांना ती कापून टाकावी लागतात, तुम्ही ती जमिनीत ठोकलेल्या जाड पाइपाच्या तुकड्यात बसवा आणि आरपार बोल्ट घाला. पहिली कमान पूर्ण झाली की मधल्या रोलरच्या स्क्रूवर रंगाने खूण करा, आणि उरलेले पाइप त्याच लॉटचे घ्या. लॉट बदलला की जाडी बदलते, आणि त्याच खुणेवर वेगळी कमान निघते.