वड्याचं तेल वांग्यावर

प्रश्न : ताई, नोकरी सोडून मी आईचं सगळं करते. दादा दर रविवारी जेवायला येतो आणि सगळ्यांदेखत म्हणतो, "हिचं बरंय, आईच्या पेन्शनवर मजा!" मी हसून भात वाढते. चर्चमध्ये फादर म्हणाले, 'सौम्य ते धन्य' यातला मूळ ग्रीक शब्द 'प्राउस', म्हणजे लगाम घातलेला लढाईचा घोडा. ताकद असून गप्प राहणारा. म्हणून गप्प बसते. पण परवा डब्याचं झाकण सापडेना, तर लेकीला मारलं. काय चुकतंय?
– एक बहीण, वसई

उत्तर : फादरांशी माझं भांडण नाही, पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय उघडा. तिथे हाच शब्द येशूला लावलाय, आणि तो बसलाय गाढवावर. त्याच अध्यायात पुढे तो मंदिरातल्या सराफांची मेजं उलथवतो. घोड्यांविषयी लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक झेनोफन हा शब्द वापरतो, तोही माणसाळलेल्या शिंगरासाठी.

ॲरिस्टॉटलच्या लेखी सौम्य माणूस रागावतो. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य तेवढाच वेळ. माफीकडे त्याचा कल जास्त, हे खरं. पण अपमान मुकाट सोसणं त्याला गुलामीचं लक्षण वाटतं. (गुलाम बाळगणाऱ्या समाजातला माणूस हे बोलतोय, तेवढं ध्यानात ठेवा.) आणखी एक जात तो सांगतो, 'पिक्रोस', कडवट माणसं. यांचा राग आतच राहतो. दिसत नाही, म्हणून कोणी समजूत काढत नाही, आणि एकट्याने पचवायला फार दिवस लागतात. स्वतःला आणि जिवलगांना हीच माणसं सगळ्यात जड जातात, म्हणे. वाचताना तुमचं झाकण आठवलं.

दादा आला की जेवणाआधी त्याला गॅलरीत घ्या. "पेन्शनचं बोलणं मला लागतं. ही औषधांच्या खर्चाची वही, बघ. पुन्हा असं बोलायचं नाही." आवाज थोडा चढला तर चढू दे. त्याला पटलं, तर विषय तिथेच संपवा, जुनी उणीदुणी काढू नका. नाहीच पटलं आणि ताटावर पुन्हा तेच ऐकवलं, तर तिथल्या तिथे "दादा, पुरे" म्हणा आणि आईपाशी एक रात्र त्याला झोपायला लावा.

लेकीची माफी मात्र रविवारपर्यंत ठेवू नका. आजच मागा, झाकण तिनेच हरवलं असलं तरी.